नायगाव ते भाईंदर

रविवारची मिस्सा कधी चुकत नाही. पण सोमवारी सकाळी वसईला विरार लोकल पकडताना माझ्यातली ख्रिस्ती बाई कुठे जाते, देव जाणे! मागच्या महिन्यात दारात उभ्या पोरीला कोपर मारून आत शिरले, तेव्हा तर फारच लाज वाटली.

म्हणून आता बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 119वं स्तोत्र घेतलंय. 176 ओव्या आहेत, एका बैठकीत माझ्याच्याने होत नाही. पण त्याचे मुळातच 22 भाग आहेत, हिब्रू वर्णमालेच्या अक्षरांप्रमाणे, प्रत्येकी आठ ओव्यांचे. नायगाव सुटलं की खाडीचा पूल लागतो, तिथे मोबाईल बॅगेत टाकायचा आणि छोटी पुस्तिका काढायची. भाईंदर येईपर्यंत आठ ओव्या होतात. गर्दीत हात वर निघाला नाही, तर कालच्या आठवायच्या.

चौदाव्या दिवशी देवाचं वचन पावलांसाठी दिवा आहे, असं सांगणारी ओवी आली. आणि नेमकी त्याच दिवशी ती पोर समोर! सॉरी म्हटलं. तिला काही आठवतच नव्हतं. ‘आंटी, सरका ना जरा,’ म्हणाली. सरकले.