चार्ज तेवढाच, ऊर्जा तिप्पट: सुपरकपॅसिटरसोबतचे दोन रविवार

भाचीनं मागच्या महिन्यात विचारलं, "मामा, बॅटरीत भरतात ते व्होल्ट की ॲम्पिअर?" मी लगेच व्याख्या सांगितली. एक कूलोम चार्ज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायला एक ज्यूल काम पडलं, तर त्या दोन टोकांमधलं विभवांतर एक व्होल्ट. ती "हं" म्हणाली आणि वही मिटली. व्याख्या बरोबर होती, पण ती टेबलावर दाखवता येईल असं माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून जुन्या लॅपटॉपच्या सेलपासून पॉवर बँक बनवायचं काम तूर्त बाजूला ठेवलं आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून १० फॅरडचे (फॅरड म्हणजे एका व्होल्टमागे किती कूलोम मावतात त्याचं माप), २.७ व्होल्टचे दोन सुपरकपॅसिटर, म्हणजे बराच चार्ज साठवणारे कपॅसिटर, आणले.

पहिला रविवार. कपॅसिटर रात्रभर रेझिस्टर लावून रिकामा करून ठेवला होता. नुसता क्षणभर शॉर्ट केला तर मीटर शून्य दाखवतो, पण थोड्या वेळानं व्होल्टेज हळूहळू पुन्हा वर येतो. पॉवर सप्लायचा करंट १०० मिलिॲम्पिअरवर बांधला. म्हणजे दर सेकंदाला ०.१ कूलोम आत जाणार, ना कमी ना जास्त. मीटरच्या पिना सप्लायच्या टोकांना न लावता थेट कपॅसिटरच्या पायांना लावल्या आणि स्टॉपवॉच सुरू केलं.

० ते १.२ व्होल्टला लागले १२३ सेकंद, १.२ ते २.४ ला १२६. म्हणजे पहिल्या टप्प्यात १२.३ कूलोम, दुसऱ्यात १२.६. जवळपास सारखेच. आता ऊर्जा बघा. पहिल्या टप्प्यात सरासरी व्होल्टेज ०.६, म्हणून १२.३ गुणिले ०.६, साधारण ७.४ ज्यूल. दुसऱ्यात सरासरी १.८, म्हणून २२.७ ज्यूल. चार्ज तेवढाच आणि ऊर्जा तिप्पट!

हा आकडा वहीत लिहिल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. आधीच भरलेल्या कपॅसिटरमध्ये पुढचा प्रत्येक कूलोम ढकलायला जास्त काम पडतं, आणि त्या क्षणी एका कूलोममागे किती काम पडतंय, तेच मीटर व्होल्ट म्हणून दाखवत असतो. कपॅसिटरमधल्या ऊर्जेच्या ½CV² या सूत्रातला (C म्हणजे फॅरड, V म्हणजे व्होल्ट) तो अर्धा मी इतकी वर्षं पाठ म्हणत आलो. तो शून्यापासून शेवटापर्यंतच्या चढणीच्या सरासरीतून येतो, हे हातानं मोजल्यावर खरं पटलं.

दुसरा रविवार. भरलेला कपॅसिटर दुसऱ्या रिकाम्या कपॅसिटरला १० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडला. पाच-सहा मिनिटांनी दोन्हींवर १.१९ व्होल्ट. चार्जचा हिशोब जुळला: आधी २४.९ कूलोम, नंतर दोन्ही मिळून २४.७. ऊर्जा मात्र सुमारे ३० ज्यूलवरून १५ च्या आत आली. अर्धी गेली कुठे? रेझिस्टरला सुरुवातीलाच बोट लावलं होतं, तो चांगलाच कोमट लागत होता. मग २२ ओहमचा लावून सगळं पुन्हा केलं. वेळ दुपटीहून जास्त लागला, शेवटचा व्होल्टेज तोच. रेझिस्टर कितीचाही असो, एकसारखे दोन कपॅसिटर असे जोडले की अर्धी ऊर्जा उष्णता होऊन जातेच. (कुणी करून बघणार असाल तर कपॅसिटरची उलट जोडणी टाळा आणि २.७ व्होल्टची मर्यादा सांभाळा.)

या सगळ्यामुळे पॉवर बँकेचा जुना वादही सुटला: सेल समांतर जोडले की पॅक मोठा होतो, की एकामागे एक जोडले की? माझ्याकडे २००० मिलिॲम्पिअर-तासाचे तीन सेल आहेत, सरासरी ३.६ व्होल्टचे. समांतर जोडले तर ६ ॲम्पिअर-तास, म्हणजे २१,६०० कूलोम. एकामागे एक जोडले तर फक्त ७,२०० कूलोम, पण १०.८ व्होल्टवर. दोन्हीकडे ७७,७६० ज्यूल, २१.६ वॅट-तास. आपल्यातले बरेच जण "सहा हजारवाला पॅक मोठा" म्हणतात, मीही म्हणायचो. ॲम्पिअर-तास हे चार्जचं माप आहे. त्याला व्होल्टेजनं गुणल्याशिवाय ऊर्जेबद्दल काही कळत नाही. बाजारातल्या १०,००० मिलिॲम्पिअर-तासाच्या पॉवर बँकेचा आकडाही बहुतेक वेळा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा असतो. म्हणजे ३७ वॅट-तास. ते ५ व्होल्टवर नेले की ७,४०० मिलिॲम्पिअर-तास उरतात, आणि सर्किटमध्ये वाया जाते ती ऊर्जा वेगळीच.

काल भाचीला बोलावून पहिला प्रयोग तिच्याच हातानं करवला. स्टॉपवॉच तिच्याकडे, मीटर माझ्याकडे. १.२ व्होल्टला तिनं वेळ टिपली आणि विचारलं, "मामा, आता पुढचं जड जाणार ना?"

पुढच्या रविवारी एक लिथियम सेल अर्ध्या ॲम्पिअरनं रिकामा करत दर दहा मिनिटांनी व्होल्टेज टिपणार आहे, ३ व्होल्टला थांबायचं. आलेखाच्या आडव्या अक्षावर कूलोम, उभ्यावर व्होल्ट. त्या रेषेखालचं क्षेत्रफळ, म्हणजेच सेलनं दिलेली ऊर्जा, भाची चौकोन मोजून काढणार आहे.