लाल बिल्ड परत चालवली तर काय बिघडतं?

टीममध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच: "टेस्ट फेल झाली, री-रन केली, पास झाली. मग मुख्य कोडमध्ये मर्ज करायला काय हरकत आहे?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. (कोड बदलला की तो आपोआप जोडून त्यावर टेस्ट चालवतात, ती बिल्ड. एखादी टेस्ट फेल झाली की बिल्ड लाल.)

आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं. पैसे भरले की पावतीवर आजची तारीख यावी, एवढंच बघणारी एक टेस्ट. दिवसभर पास. रात्री उशिरा रिलीज असली की लाल. परत चालवा, लालच. सकाळी चहा घेऊन बसावं तर निळी. (जेन्किन्स या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा पास झालेली बिल्ड निळी दिसायची. ते लिहिणारे कावागुची जपानी, आणि तिकडे सिग्नलच्या हिरव्याला निळाच म्हणतात.) आमच्या लॅपटॉपवर तर ती कधीच फेल झाली नाही. आम्ही तिचं नाव 'घुबड' ठेवलं. पुढे तिच्याकडे कुणी बघेना, आणि एका रात्री कुणीतरी तिला स्किप करून टाकलं. तो कुणीतरी मीच.

एप्रिलमध्ये एका ग्राहकाच्या सीएचा फोन आला. 1 तारखेला रात्री 12:20 ला भरलेल्या पैशांची पावती 31 मार्चची निघाली होती. म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात!

सर्व्हर आणि टेस्ट आपोआप चालवणारं सीआयचं मशीन, दोन्ही यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपण साडेपाच तास पुढे. आपली मध्यरात्र उलटली तरी पहाटे साडेपाचपर्यंत त्यांच्या लेखी कालचाच दिवस चालू. टेस्ट भारतातली तारीख मागत होती, कोड सर्व्हरची देत होता. घुबड खरं बोलत होतं.

दुरुस्ती एका ओळीची: तारीख काढताना 'एशिया/कोलकाता' हा भारताचा टाइमझोन सांगायचा. टेस्टला मात्र खऱ्या घड्याळाऐवजी 1 एप्रिल, रात्री 12:20 वर थांबवलेलं घड्याळ दिलं. आता तीच चूक परत झाली तर भरदुपारीही कळेल. जुन्या पावत्या निस्तरण्यात चार दिवस गेले, ते वेगळंच.

तर हरकत काय? नेटवर्क गेलं, पॅकेज डाउनलोड झालं नाही, तर री-रन मीही करतो. पण डेटाबेसच्या एकाच टेबलात लिहिणाऱ्या दोन टेस्टचा क्रम बदलला तरी बिल्ड अशीच कधी लाल, कधी हिरवी होते, आणि त्यामागे कधीकधी कोडमधलीच खरी भानगड असते. म्हणून आमच्याकडे री-रन करणाऱ्याने टीमच्या चॅट चॅनेलवर कारण लिहायचं. 'माहीत नाही' लिहिलंत तरी चालेल. जेवण झालं की या, लॉग सोबत बघू.