दुसऱ्यांची पत्रं

दुसऱ्यांची खासगी पत्रं वाचताना तुम्हाला काहीच वाटत नाही का, हे मला मालवणात विचारतात, कुडाळात विचारतात आणि गणपतीत मुंबईहून आलेले भाचे तर दरवर्षी विचारतात. विषय असतो अमेरिकन भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्टच्या पत्रांचा. त्याच्या भयकथा वाचणाऱ्यांना पत्रांचं माझं वेड कळत नाही आणि न वाचणाऱ्यांना तो कोण हेच ठाऊक नसतं. आमच्या वाडीतल्या वयनी सरळ विचारतात, "त्या मेलेल्या माणसाची पत्रां वाचून तुका काय गावता गो?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

भुताखेतांसाठी मी वाचत नाही. आचऱ्याच्या बाजूला राहते म्हटलं की लोक लगेच देवाच्या कौलाने गाव रिकामं करायची गावपळण, देवचार, चकवा यांवर येतात आणि भयकथा मला घरच्याच असणार असं धरून चालतात. तसं काही नाही. त्याच्या कितीतरी कथा मला शेवटपर्यंत वाचवल्या नाहीत. न्यूयॉर्कहून त्याने मावश्यांना लिहिलेली पत्रं मात्र माझ्या उशाशी असतात.

माय मरो पण मावशी जगो, असं आपण म्हणतो. त्याच्या बाबतीत अक्षरशः तेच झालं. वडील लहानपणीच गेले, आई 1921 मध्ये गेली. मागे राहिल्या दोन मावश्या, लिलियन आणि ॲनी. 1924 च्या मार्चमध्ये सोनिया ग्रीनशी लग्न करून तो आपलं गाव प्रॉव्हिडन्स सोडून न्यूयॉर्कला राहायला गेला. वर्ष सरता सरता सोनियाला नोकरीसाठी सिनसिनाटीला जावं लागलं आणि हा ब्रुकलिनच्या क्लिंटन स्ट्रीटवर भाड्याच्या एका खोलीत एकटा उरला. त्याला नोकरी लागत नव्हती, घर चालायचं ते मुख्यतः बायकोच्या कमाईवर. त्या दिवसांत तो लिलियनमावशीला पानंच्या पानं लिहितो. कुठे फिरलो, कोण भेटलं, पाव आणि डब्यातल्या बीन्सवर जेवण कसं भागवलं, सगळं.

1925 च्या मे महिन्यात त्याच्या खोलीत चोरी झाली. शेजारच्या खोलीतून चोर शिरले, हा झोपलेला होता. चांगले सूट गेले, ओव्हरकोट गेला, मित्राने ठेवायला दिलेला रेडिओही गेला. अंगावर घालायला एक पातळसा निळा सूट तेवढा राहिला. पुढे कित्येक महिने तो स्वस्त कपड्यांच्या शोधात दुकानं पालथी घालतो आणि कापड कसलं, शिलाई कशी, भाव काय, हे मावशीला कळवत राहतो. जाणकार ही पानं उलटून पुढे जातात. मला तीच सगळ्यात जवळची वाटतात. माझ्या बाबांकडे गावी यायला एकच टेरिकॉटची पँट होती. एरवी ते मुंबईत काय घालतात हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्यांनी ते कधी लिहिलं नाही.

बाबा परळला गिरणीत होते. राहायचे गावमंडळाच्या खोलीत, जेवायचे खानावळीत. आईला वाचता येत नसे, म्हणून बाबांची पत्रं मी वाचून दाखवायचे. आमचीच कशाला, अर्ध्या वाडीची वाचायचे. नवरा मुंबईला आणि अक्षरओळख नाही, अशा बाया निळं आंतर्देशीय पदराखाली धरून आमच्या खळ्यात यायच्या. मी वाचायचे, त्या ऐकायच्या, मग उत्तर सांगायच्या आणि मी लिहायचे. तेव्हा खासगी पत्राचा प्रश्न मला विचारू नका. मी वाचलं नसतं तर ती पत्रं त्यांच्यापर्यंत पोचलीच नसती.

बाबांच्या पत्रात काय असायचं? इकडील सर्व क्षेम. पावसाआधी नळे परतून घेणे. कलमांना खत घालणे. मुलीने अभ्यास करावा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मनीऑर्डर आधी उशिरा यायला लागली, मग बंद झाली आणि पत्रात तरीही इकडील सर्व क्षेम. मी ते मोठ्याने वाचायचे. आई ऐकून घ्यायची आणि काही न बोलता तांदूळ निवडायला बसायची.

बाबा वारले त्या वर्षीची गोष्ट. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. मी विहिरीवरून आले तर न्हाणीतल्या चुलीपुढे आई बसलेली. वाशाला टांगलेली पत्रांची तार तिने खाली काढली होती. एकेक पत्र तारेतून सोडवायची, हातात धरून बघायची आणि चुलीत सारायची. अक्षर येत नव्हतं, पण तिला प्रत्येक पत्र ओळखू येत होतं. कशावरून ते देव जाणे, डागावरून, कडेच्या फाट्यावरून. "ह्या चवथीचा," म्हणाली. "ह्या पाडी मेली तेवाचा." मी ओरडले, तिचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला आणि पुढचं उचललं.

निळी पत्रं संपली तशी तिने मांडीखालून पाकिटं काढली. पोस्टाची पाकिटं, वर बाबांचंच अक्षर. मी ती जन्मात पाहिली नव्हती. आमच्या घरात येणारं प्रत्येक पत्र माझ्या हातून जातं अशी माझी खात्री होती. एका पाकिटावरचा शिक्का मला वाचता आला, संपातला होता.

"ही कोणी वाचून दाखवली तुला?"

"होता कोणतरी वाचणारो."

"कोण?"

"तुका लिवलेली नाय ती," एवढंच म्हणाली आणि चुलीत घातली. ओलसर होती बहुतेक, पेटायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी ओढून घेऊ शकले असते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मला ते जमलं नाही.

पोस्टमनने वाचली असतील, वरच्या वाडीतल्या गुरुजींनी, आणखी कोणी. नंतर मी खूप विचारलं, तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. निळ्या पत्रांत बाबा काहीच का लिहीत नसत हे मात्र त्या दिवशी मला कळलं. ते माझ्या तोंडून जाणार होतं. बाप आपल्या शाळकरी पोरीच्या तोंडून बायकोला काय सांगणार? उपाशी आहे म्हणून? खोलीतून काढायला निघालेत म्हणून? जे सांगायचं ते वेगळ्या पाकिटात जायचं, आणि ते वाचायला आई पोरीला सोडून दुसऱ्या कोणाला तरी गाठायची.

पुष्कळ वर्षांनी मी लव्हक्राफ्टकडे आले. सोनियाने पुढे लिहून ठेवलं आहे की त्याने तिला लिहिलेल्या पत्रांची ट्रंकच भरली होती आणि कॅलिफोर्नियाला जाण्याआधी एका मैदानात नेऊन तिने ती पेटवून दिली. ते वाचलं आणि मला पुस्तक मिटावं लागलं. मावश्यांना लिहिलेलं राहिलं, बायकोला लिहिलेलं गेलं. आज मावश्यांची पत्रं प्रॉव्हिडन्सच्याच ब्राउन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. कोणीही वाचू शकतं, आणि लोक समजतात की त्या माणसाचं सगळं आपल्याला कळलं. मला तसं वाटत नाही. मावशीला काय लिहावं आणि काय गाळावं हे बाहेरगावी राहणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो जास्त रागाने विचारला जातो. इतक्या द्वेषाने भरलेल्या माणसाला एवढा वेळ का देता? द्वेष आहेच, मी तो झाकत नाही. त्या पत्रांत स्थलांतरितांबद्दल, काळ्यांबद्दल, ज्यूंबद्दल असं काही लिहिलंय की पान पुढे वाचवत नाही. सोनिया स्वतः ज्यू, युक्रेनमध्ये जन्मलेली. तिच्या पैशावर राहून हा ते लिहीत होता. शेजारच्या खोलीतल्या सीरियन माणसाचं वाजवणंसुद्धा त्याला भेसूर वाटायचं. माझे बाबा त्या शेजारच्या खोलीत असते तर मावशीला त्यांच्याबद्दल त्याने काय लिहिलं असतं, याबद्दल मला जराही शंका नाही.

पूर्वी मी त्याची बाजू घ्यायचे. घर तुटलं, पैसा नाही, शहराने माणूस कडू केला, असं सांगायचे. ते टिकत नाही. न्यूयॉर्क बघायच्या कितीतरी आधीपासून तो तसाच लिहीत होता. शिवाय घर सोडून, पैशावाचून राहिलेली माणसं मी वाडीभर पाहिली आहेत, त्यांच्या पत्रांत असलं काही नसायचं. पण वाडीतल्यांची ही बाजू घेताना मला एक वाक्य अडतं. त्यांची पत्रं मी वाचली ती मला वाचायला दिलेली. पाकिटातल्यांत काय होतं ते मला कुठे माहीत आहे?

1926 च्या 17 एप्रिलला तो घरी परतला. ज्या कथांनी त्याचं नाव झालं त्या बहुतेक त्यानंतरच्या. 'मीच प्रॉव्हिडन्स' हे पत्रातलं त्याचं वाक्य पुढे 1977 मध्ये चाहत्यांनी त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरून घेतलं. बाबा परत आले तेव्हा त्यांना खोकला होता आणि अंगणात बसायला आवडायचं. मुंबईबद्दल विचारलं तर म्हणायचे, बरी होती.

यंदा चवथीत धाकट्या भाच्याने विचारलं, आजीची ती पाकिटं आज कुठे सापडली तर तू वाचशील? वाचेन. आईने नको म्हटलं होतं हे पुरतं ठाऊक असून वाचेन. तो म्हणाला, हे बरोबर नाही. मी त्याला खोडलं नाही.