आमची वाटचाल: पोलिश शिकायचं, पण मराठीतून

पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘पूल’ आणि ‘पुलावर’ हे दोन शब्द लिहिते. त्यांच्याखाली ‘मोस्त’ आणि ‘ना मोश्च्ये’. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं, ‘पाऊस’चं ‘पावसा’ होतं. पोलिशमध्येही तसंच घडतं. टेबल म्हणजे ‘स्तुव’, टेबलावर म्हणजे ‘ना स्तोले’. समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यावरची भीती इथे पहिल्यांदा उतरते. एवढ्या दोन ओळींपर्यंत पोचायला मला चार वर्षं लागली.

2012 साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कोल्हापूरहून पोलंडमधल्या व्रोत्सवाफला आलो. मी विद्यापीठाच्या वर्गात नाव घातलं. बाई फार चांगल्या होत्या, पण पोलिशमधूनच शिकवायच्या. घरी आल्यावर आधार एका इंग्रजी पुस्तकाचा. नामाला प्रत्यय का लागतात हे समजावण्यातच त्याची पानंच्या पानं खर्ची पडली होती, कारण इंग्रजीत नामाच्या विभक्त्या आता नावापुरत्या उरल्या आहेत. मीही ते इंग्रजी डोक्यानं वाचत राहिले. एका रात्री तक्ता पाठ करताना शेजारी देवनागरीत लिहून पाहिलं: मियानोव्निक प्रथमा, बियेर्निक द्वितीया, नाझेंद्निक तृतीया, त्सेलोव्निक चतुर्थी, दोपेउन्याच षष्ठी, म्येइस्त्सोव्निक सप्तमी, वोवाच संबोधन. पंचमी तेवढी नाही, तिचं काम बहुतेक षष्ठीच करते. शाळेत घोकलेलं सगळं व्याकरण त्या रात्री कामाला आलं.

2016 मध्ये आमच्या स्वयंपाकघरात तिघीजणी शिकायला बसल्या. तिघींचे नवरे आयटीत, मुलं पोलिश शाळेत, आणि शाळेतून आलेली चिठ्ठी वाचता येत नाही ही तिघींची एकच अडचण. त्यांच्याकडून मला कळलं की आपली माणसं कुठे अडत नाहीत. पोलिशमध्ये तीन लिंगं आहेत, मराठीसारखीच. भूतकाळात पुरुष ‘बिवेम’ म्हणतो आणि बाई ‘बिवाम’, जसं आपण ‘मी होतो’ आणि ‘मी होते’ म्हणतो. ‘पिसाच’ म्हणजे लिहिणं आणि ‘नापिसाच’ म्हणजे लिहून काढणं. ‘चिताच’ वाचणं आणि ‘प्शेचिताच’ वाचून काढणं. हा फरक इंग्रजीतून समजून घेणारे महिनोन्‌महिने झगडतात. आमच्या बायकांनी चहा होईपर्यंत दहा जोड्या सांगितल्या.

सगळंच असं सोपं नाही. पोलिशला तीन ‘च’ आहेत. ‘चाक’मधला आपल्याकडे आहे, ‘चहा’मधलाही जवळपास आहे, पण तिसऱ्यासाठी जीभ मागे ओढावी लागते आणि तो मराठीत नाही. तो नुसत्या कानानं येतो, व्याकरणानं येत नाही. त्यासाठीच माझी आजची भागीदार आली. ती इथली, पोलिश, पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायची. व्याकरण मी मराठीतून सांगते, उच्चार ती घेते आणि त्या तासाला माझं तोंड बंद असतं. पुढच्याच वर्षी आम्ही व्यवसायाची रीतसर नोंदणी केली.

2018 मध्ये एका मोठ्या कंपनीनं वर्षभराचं काम कबूल केलं. त्या भरवशावर आम्ही खोली भाड्यानं घेतली, खुर्च्या आणल्या. तीन महिन्यांनी त्यांनी वर्ग थांबवला, कारणही दिलं नाही. भाडं मात्र वर्षाचं होतं. तो हिवाळा आम्ही शनिवारच्या वर्गांवर काढला आणि त्यातूनच आमची खरी पद्धत तयार झाली.

मुलांना घेऊन आम्ही शहरात फिरायला लागलो. व्रोत्सवाफमध्ये ठिकठिकाणी ब्राँझचे वीतभर उंचीचे बुटके आहेत, कुणी खांबावर चढलेला, कुणी दारापाशी झोपलेला. बुटका शोधायचा आणि तो कशावर, कशाखाली, कशामागे आहे ते सांगायचं. पुलाखाली ‘पोद मोस्तेम’, पुलावर ‘ना मोश्च्ये’. तृतीया आणि सप्तमी मुलांनी चालता चालता आत्मसात केली. मोठ्यांना आम्ही हाला तारगोवा या जुन्या मंडईत नेतो. दोन सफरचंदं ‘द्वा याप्का’, पण पाच म्हटली की ‘प्येंच याबवेक’, कारण पाचपासून पुढे नाम बहुतेक वेळा षष्ठी बहुवचनात जातं. भाजीवाली चूक सुधारते, हसते, आणि ते रूप शिकणारा जन्मात विसरत नाही.

मंडईवर माझा इतका विश्वास आहे त्याला आजी कारण. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही, 1943 ते 1948, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं. आजी सांगायची, छावणीत भाजी-अंडी विकणारे आपले लोक भाव पोलिशमध्ये सांगायचे. त्यांच्यापुढे ना पुस्तक होतं, ना तक्ता.

2020 मध्ये खोली सोडली आणि वर्ग ऑनलाइन गेले. त्यामुळे पुण्या-नाशिकहून इथे शिकायला येणारी मुलं निघण्याआधीच आमच्याकडे यायला लागली. 2022 मध्ये युक्रेनमधून माणसांचे लोंढे आले तेव्हा भागीदारानं त्यांच्यासाठी मोफत वर्ग घेतला. त्यांची वाट अगदी निराळी. भाषा बहिणी, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच अर्धं कळतं, पण सारखे शब्द फसवतात. पोलिश ‘दिवान’ म्हणजे गालिचा, युक्रेनियन ‘दिवान’ म्हणजे सोफा. आमच्या घरातला दिवाण सांगितल्यावर तिथल्या बायका कितीतरी वेळ हसत होत्या.

आता बरेच जण येतात ते पोलिश भाषेच्या सरकारी परीक्षेसाठी. ती 2004 पासून घेतली जाते. इथे काही वर्षं राहून नागरिकत्व मागायचं तर साधारणपणे बी-1 पातळीचं (सहा पातळ्यांपैकी तिसरी) प्रमाणपत्र लागतं. ऐकणं, वाचणं, व्याकरण, लिहिणं आणि बोलणं अशा पाच भागांत प्रत्येकी किमान 50 टक्के हवेत. नुसत्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून द्या, असं सांगणाऱ्याला मी नाही म्हणते. तसे लोक वाचनात तरून जातात आणि बोलण्याच्या खोलीत गप्प बसतात, हे मी पाहिलं आहे. त्यांना मी रोज अर्धा तास टीव्हीवर परदेशी चित्रपट बघायला सांगते. इथे मूळ आवाजावर एकच निवेदक सगळ्या पात्रांचे संवाद पोलिशमध्ये वाचतो, शांतपणे, स्पष्ट, शब्द न खाता. गोदामात रात्रपाळी करणारा आमचा एक विद्यार्थी वही फारशी उघडत नव्हता. तो त्या आवाजावर आणि सोबतच्या कामगारांवर शिकला आणि बोलण्यात वर्गात पहिला आला. लेखनासाठी मात्र त्याला माझ्याबरोबर विभक्तीचा तक्ता भरत बसावं लागलं, तीन महिने.

सध्या मोठ्यांचे दोन वर्ग आणि मुलांचा एक चालू आहे. नव्या वर्गाचा पहिला धडा येत्या शनिवारी सकाळी दहाला, हाला तारगोवाच्या दाराशी. कापडी पिशवी आणि सुटे पैसे आणा. फोन पिशवीतच राहील.