बर्फातल्या काळ्या पक्ष्यांमागे चार दिवस

जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. साधारण ३५०० मीटर उंचीवर, एका खिंडीच्या खालच्या अंगाला कातळकडा आहे. त्याच्या कपारींत पिवळ्या चोचीच्या चफचा (कावळ्याच्या कुळातला काळा डोंगराळ पक्षी) मोठा थवा रात्री मुक्कामाला येतो. अशा जागेचा पत्ता फुटला की पुढच्या हिवाळ्यात कड्याखाली ट्रायपॉडची रांग लागते. गारठ्यात अंग फुगवून बसलेला पक्षी आपल्यामुळे उडाला तर त्या उडण्यात गेलेली ऊर्जा भरून काढायला त्याला दिवसाचे मोजकेच तास मिळतात. जागा सोडून बाकी सगळं सांगतो. ते कुठल्याही बर्फात कामाला येईल.

पहिल्या सकाळी आकाश निरभ्र होतं. समोरच्या उतारावर एक रेव्हन, म्हणजे कावळ्याचा थोराड भाऊबंद, एकटाच चालत होता, फ्रेममध्ये अगदी छोटा दिसत होता. मी नेहमीच्या सवयीने अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर होतो, म्हणजे शटरचा वेग कॅमेराच ठरवत होता. पाच-सहा फोटो काढून स्क्रीनवर पाहिले तर बर्फ राखेसारखा करडा आणि रेव्हनच्या जागी नुसतं काळं भोक. यात नवल काही नाही. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोर जे दिसेल ते मध्यम करडं धरून चालतो. त्यामुळे पांढरं तो काळवंडवतो आणि काळं उजळवतो. मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१.७ केलं, म्हणजे मीटरने ठरवलेल्यापेक्षा १.७ स्टॉप जास्त उजेड घेतला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). बर्फ बर्फासारखा दिसू लागला आणि मी निर्धास्त झालो.

तिथेच चूक झाली. दुपारी चफ खाली उतरले आणि माझ्यापासून दहा-बारा मीटरवर बर्फ उकरायला लागले. हा पक्षी माणसाला फारसा बुजत नाही. एव्हरेस्टवर ८२०० मीटरपर्यंत गिर्यारोहकांच्या मागोमाग गेलेले चफ पाहिल्याची नोंद आहे. आता फ्रेमचा दोन तृतीयांश भाग काळ्या पिसांनी भरला होता. मीटरने काळं पाहून आपणहून एक्स्पोजर वाढवलं आणि त्यावर माझे +१.७ होतेच. बर्फ जळून गेला, त्या उजेडात पंखांच्या बारीक कडाही विरघळल्या. ऊन तेच होतं, बर्फ तोच होता, फक्त पक्षी जवळ आला होता.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यांत आग्रहाचा सल्ला: बर्फात मॅन्युअल मोड वापरा, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवा, आणि एक्स्पोजर पक्ष्यावरून नव्हे, बर्फावरून ठरवा. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. पक्षी यायच्या आधी उन्हातल्या बर्फाचा एक फोटो काढला, हिस्टोग्रामचा (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख) डोंगर उजव्या भिंतीच्या अगदी जवळ आणला, पण भिंतीला चिकटू दिला नाही. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगळे पाहायचे, कारण एखादाच रंग आधी कापला जातो आणि एकत्रित आलेखात ते कळत नाही. स्वच्छ उन्हात मला एफ ८, १/१६०० आणि आयएसओ ४०० असं जमलं. पातळ ढग आल्यावर एफ ७.१, १/१२५०, आयएसओ ८००. हे आकडे पाठ करू नका, तुमचा प्रकाश वेगळा असेल. पण एकदा ठरवलं की उजेड बदलेपर्यंत हात लावायचा नाही, मग पक्षी ठिपक्याएवढा असो की फ्रेमभर.

‘मग पक्षी काळा ठिक्कर पडणार नाही का?’ ही भीती मलाही होती. हिशेब मांडून पाहा. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के परत फेकतो. काळं पीस पाच टक्क्यांच्या आसपास धरलं तर दोघांतलं अंतर जेमतेम सव्वाचार स्टॉपचं. आजचा चांगला सेन्सर कमी आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, याच्या दुपटीहून जास्त पेलतो. शिवाय बर्फ स्वतःच मोठा रिफ्लेक्टर आहे. एरवी उडत्या कावळ्याच्या पंखांखाली अंधार असतो; इथे तो खालून उजळलेला दिसतो, पोटाची पिसंसुद्धा मोजता येतील इतका. त्यामुळे पक्षी बर्फाच्या पातळीला किंवा किंचित वर असताना टिपा, आणि जमेल तर पातळ ढगाच्या दिवशी. भर दुपारचं ऊन मी नंतर टाळलंच.

तिसऱ्या दिवशी बर्फ पडत होता आणि मला सगळ्यांत आवडलेले फोटो त्या दिवशीचे आहेत. मात्र ऑटोफोकस हट्टीपणा करतो: पक्ष्याऐवजी मधल्या भुरभुरीला पकडतो. ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी केली, म्हणजे मध्ये काही आलं तरी फोकस लगेच सुटत नाही. काळ्या डोक्यात काळपट डोळा असल्यामुळे डोळा ओळखणारी यंत्रणाही गडबडते. एकच फोकस पॉइंट घेऊन तो चोच आणि चेहरा जिथे मिळतात तिथे ठेवला. चफची चोच पिवळी असल्यामुळे हे सोपं जातं. रेव्हनला ती सोय नाही, त्याच्या गळ्याच्या विस्कटलेल्या पिसांवर फोकस धरावा लागतो. शटर १/१००० च्या पुढे ठेवलं तर भुरभुर ठिपक्यांसारखी थिजते, १/२०० च्या आसपास तिच्या रेघा होतात. बसलेल्या पक्ष्याला मला रेघाच आवडल्या.

एक गोष्ट कळायला मला अर्धा दिवस लागला. गाडीच्या उघड्या खिडकीतून काढलेले सगळे फोटो किंचित मऊ येत होते. लेन्सचा दोष नव्हता. आतली ऊबदार हवा खिडकीतून बाहेर पडताना थरथरते आणि लांब लेन्सला ती थरथर दिसते. हीटर बंद करून, काचा उतरवून वीस मिनिटं थांबा, किंवा सरळ खाली उतरून बसा. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. ऊबदार खोलीत शिरण्याआधी कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा बॅगेत बंद करून दोन-तीन तास तसाच राहू द्या, नाहीतर त्यावर दव जमतं.

आता एडिटिंग. माझ्या मते निम्मा फोटो इथे बिघडतो.

सुरुवात लेन्सच्या रंगीत कडांपासून करा. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळी-हिरवी झालर हमखास येते. पण जांभळा काढणारा स्लायडर जपून वापरा, कारण रेव्हनच्या पाठीवर खरीखुरी निळी-जांभळी झाक असते आणि ती झालरीबरोबर पुसली जाते. मी तो ब्रशने फक्त कडेला वापरतो. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगाचा तोल. सावलीतला बर्फ निळा दिसतो, कारण त्याला उजेड निळ्या आकाशाचा मिळतो. ती निळाई पूर्ण धुऊन काढली तर उन्हातला बर्फ पिवळा पडतो. थोडी राहू द्या.

बर्फाचा सर्वांत उजळ भाग २५५ पैकी २४० ते २५० वर ठेवतो. त्याहून वर गेलं की छापताना तिथे नुसता कोरा कागद उरतो. पक्ष्यासाठी वेगळा मास्क, म्हणजे बदल फक्त त्याच्यापुरता ठेवणारी निवड. सगळ्या फोटोचे शॅडोज (गडद भाग) उचलले तर बर्फावरच्या खळग्यांच्या सावल्याही जातात आणि बर्फ सपाट चादरीसारखा दिसतो. मास्कच्या आत टोन कर्व्हचा (गडद-उजळ छटा बदलणारी वक्ररेषा) फक्त खालचा पाव भाग उचला, पण सगळ्यांत गडद बिंदू जागेवर राहू द्या. काळ्याचा करडा झाला की पक्षी धुरकट दिसतो. दोन-चार ठिकाणी खरा काळा असला पाहिजे. शॅडोज उचलल्यावर नॉइज (दाणेदारपणा) वर येतो, म्हणून आधी नॉइज कमी करा, नंतर शार्पनिंग, तेही फक्त पिसांवर.

क्लॅरिटी आणि डीहेझ या कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या स्लायडरनी पक्ष्याभोवती प्रभावळ उमटते. पांढऱ्यावर काळा असल्यामुळे ती लगेच डोळ्यात भरते. १०० टक्के झूम करून पूर्ण बाह्यरेषा फिरून पाहा. मास्कची कड किंचित आत घेतली की ती बहुतेक जाते. सेन्सरवरची धूळही बर्फावर ठळक दिसते, ती विसरू नका. आणि हे सगळं मंद उजेडाच्या स्क्रीनवर करा. स्क्रीन फार उजळ असेल तर आपण नकळत फोटो गडद करून बसतो.

घरी आल्यावर पहिल्या दिवसाचे फोटो उघडले. करड्या बर्फातला रेव्हन १.७ स्टॉप उचलून बराच सावरला, सावल्यांत थोडा नॉइज आला इतकंच. दुपारच्या चफचे फोटो मात्र हायलाइट्स कितीही खाली ओढले तरी जळलेल्या जागी सपाट राखाडी डागच देत राहिले. पंखाची एकही कड परत आली नाही.