ओटीपी एजंटच्या फोनवर

धाकट्या भावाचा पाय अपघातात गुडघ्याखालून गेला. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), संजय गांधी निराधार योजनेचे पैसे, सगळं आता मार्गी लागलंय. पण त्या एजंटचा विषय निघाला की अजून डोकं फिरतं.

मी गावी पोचेपर्यंत मामांनी सिव्हिलच्या गेटसमोरच्या एकाला कागद देऊनही टाकले होते. "अपंगत्वाची टक्केवारी बसवून देतो, पेशंटला फक्त तपासणीला आणा." यूडीआयडीचा ऑनलाइन फॉर्म त्यानेच भरला आणि मोबाइल नंबरच्या रकान्यात स्वतःचा नंबर ठोकला. झालं! लॉगिन करायला जावं तर ओटीपी त्याच्या फोनवर. तपासणीच्या तारखेचा मेसेजही त्यालाच. त्याला विचारलं की "साहेब, सर्व्हर डाऊन आहे", आणि दर वेळी वरचे थोडे पैसे. नवा अर्ज भरावा म्हटलं, तर या आधार नंबरवर अर्ज आधीच आहे म्हणून पोर्टल अडून बसलं. भाऊ कुबड्या टेकून खिडकीशी उभा, आणि आतला माणूस मान वर न करता म्हणतो, "ओटीपी सांगा."

गाठ सोडवली ती रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षक बाईंनी. साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, आधारची झेरॉक्स जोडली आणि ऑपरेटरसमोर बसवून नंबर बदलून घेतला. एक रुपया लागला नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलापाशी जा, बाहेर कुणाशी बोलूसुद्धा नका.

यूडीआयडीला फी नाही. टक्के डॉक्टर ठरवतात. "वाढवून देतो" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. उत्पन्नाच्या दाखल्याला आपले सरकार केंद्र बरं, पण पावती घ्या. निराधार योजनेत दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे, ती आधी बघा.

वकील? आमच्या अपघाताच्या दाव्याचा वकील "हेही मीच करतो" म्हणत होता. काही गरज नाही. टक्केवारी पटली नाही, तर दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम ५९ खाली अपील आहे, तेव्हा बघा वकील.

हो, आणि डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे मूळ कुणाच्या हाती ठेवू नका. आमचे त्या एजंटकडेच होते. आणायला मामांनाच पाठवलं.