भाजलेल्या रुग्णाला कॅलरी किती? वॉर्डातला माझा अनुभव

बर्न वॉर्डात मी आहारतज्ज्ञ आहे. स्टोव्हच्या भडक्यात 40 टक्के भाजलेल्या, तिशीतल्या एका बाईंचा आहार ठरवायचा होता. पहिली अडचण वजनाची. सलाइनमुळे अंगावर सूज, वर ड्रेसिंग. काट्यावरचा आकडा कामाचा नसतो, भाजण्याआधीचं वजन लागतं. नवऱ्याला ते सांगता येईना. शेवटी बाईंच्या आईने बाळंतपणाचं कार्ड शोधून आणलं. "मॅडम, यात लिहिलंय का बघा." पहिल्या तपासणीत 50 किलो होतं.

श्वासातला ऑक्सिजन मोजून ऊर्जेचा खर्च सांगणारं यंत्र सगळ्यात भरवशाचं. ते आमच्याकडे नाही, म्हणून सूत्रं. करेरींचं 1974 चं सूत्र सोपं: वजनाला 25 ने गुणा, भाजल्याच्या टक्क्यांना 40 ने, आणि बेरीज करा. उत्तर दिवसाला 2850 कॅलरी. टोरांटो सूत्र किचकट आहे. त्यात ताप, आदल्या दिवशी पोटात गेलेल्या कॅलरी, भाजून झालेले दिवस, सगळं घालावं लागतं. सातवा दिवस, ताप 38.5 अंश सेल्सिअस, आदल्या दिवशी 1200 कॅलरी: उत्तर साधारण 1785. रुग्ण तोच, फरक हजाराचा!

"जास्त गेलं तर काय बिघडतं?" असं वॉर्डात मला हमखास विचारतात. बिघडतं. साखर चढते, यकृतात चरबी साठते, कार्बन डायऑक्साइड वाढून फुप्फुसांवर ताण येतो. आणि कमी पडलं तर स्नायू झिजतात, जखमा भरत नाहीत. प्रौढांसाठी युरोपातल्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनाही टोरांटोच सुचवतात. त्यावर ड्रेसिंग आणि फिजिओथेरपीची थोडी भर घालून मी 2000 च्या आसपास ठेवलं. प्रथिनं किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे 75 ते 100 ग्रॅम. निरोगी माणसाच्या जवळजवळ दुप्पट.

हा आकडा एकदा काढून फाइलला लावायचा नसतो, हे मी प्रत्येक नव्या इंटर्नला सांगते. ताप एक अंशाने उतरला की टोरांटोत 114 कॅलरी कमी होतात.

खरी झटापट मात्र नळीतून प्रत्यक्ष किती जातं याची. ड्रेसिंगसाठी भूल द्यायची म्हणून सकाळपासून फीड बंद, नंबर लागायला दुपार. चार्टवर 2000 लिहिलेलं, पोटात गेलेलं बरंच कमी. सिस्टरांनी दर तासाचे मिलिलिटर नेमके लिहिले होते, म्हणून ते कळलं तरी. भूलतज्ज्ञांशी बोलून बाईंचा नंबर सकाळी पहिला लावून घेतला, आणि बुडालेलं फीड संध्याकाळपासून रात्रभर थोडं थोडं वाढवून दिलं. पोट फुगलं नाही, उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात आदल्या दिवशीच्या कॅलरींचा रकाना पहिल्यांदा पूर्ण भरला.